बदलीचा अर्ज भरा, ताई

*बाई, सप्रेम नमस्कार.*

*पैनगंगेच्या अलीकडे कोलाम आदिवासींच्या एका पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, दोनशिक्षकी शाळेत मी आठ वर्षांपासून आहे. पहिली ते चौथी, पट ४१. नोकरी २०१० पासूनची. इथं आले तेव्हा पहिलीतली लेकरं नुसती माझ्या तोंडाकडे पाहत बसायची. घरी कोलामी, पुस्तकात पुण्याची मराठी. मी शब्द गोळा केले, तक्ते केले, गाणी बसवली. चौथीतल्या एका मुलीनं फार मदत केली, आता ती नववीत आहे. लेकरं वाचायला लागली. मग वाटलं, हे आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत व्हावं. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मांडलं, तीन वर्षांत पाच अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. मागच्या महिन्यात साहेब भेटीला आले. तक्त्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कोणत्या परिपत्रकात आहे?" आणि ऑनलाइन माहिती अपुरी आहे असा शेरा लिहून गेले.*

*दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अर्धी लेकरं पऱ्हाटीत, कापूस वेचायला असतात. त्यांच्यासाठी घरोघरी मीच जाते. मतदारयाद्यांचं काम करणारी बीएलओ मीच, शाळेची ऑनलाइन पोर्टलं माझ्याकडेच. खडू-कागदापासून रंगांपर्यंत खर्चही माझाच. सोबतचे सर वयानं मोठे. पोषण आहार आणि दप्तर तेवढं चोख ठेवतात. त्यांच्या काळात खिचडी एक दिवस बंद पडली नाही. बाकी म्हणतात, "मॅडम, तुमी कायले एवढं जिवाले लावून घेता?" त्यात आता टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. रात्री झोप लागत नाही. रविवारी संध्याकाळ झाली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. परवा दुसरीतल्या एका मुलाच्या हातातली पाटी मी हिसकावली. तो रडला नाही, नुसता पाहत राहिला.*

*मे महिन्यात बदल्या आहेत. माझे पतीही जिल्हा परिषदेतच आहेत, पती-पत्नी एकत्रीकरणात माझा अर्ज बसतो. पण मी गेले तर इथलं सगळं बुडेल. राहिले तर मीच बुडेन असं वाटतं. काय करू?*

*— एक शिक्षिका*

ताई,

तुमच्या तीन पानी पत्रातला गाभा तेवढा वर छापला आहे. गाव, तालुका, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं.

प्रश्न तुम्ही बदलीचा विचारलात, पण मी पाटीच्या वाक्यापाशीच थांबले. लेकरांच्या तोंडचा एकेक शब्द जिनं आठ वर्षं वहीत उतरवून घेतला, तिच्याच हातून लेकराची पाटी हिसकावली जाते, हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. मेळघाटात माझं सातवं वर्ष होतं. तिसरीतली एक कोरकू मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, कारण आई मजुरीला जायची. भाऊ रडायचा, वर्ग थांबायचा. एका दुपारी मी तिला थापड मारली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या घरी गेले. आईनं पाणी दिलं, कोरा चहा ठेवला, एका शब्दानं काही विचारलं नाही. आठवड्यानं मुलगी परत आली. पण मधल्या सुट्टीत माझ्या खुर्चीला टेकून उभं राहायची तिची सवय गेली ती गेलीच. त्या वर्षी मी तालुक्याची 'आदर्श' समजली जाणारी शिक्षिका होते, अर्ज करत होते, भांडत होते, रात्री दोनपर्यंत तक्ते रंगवत होते. मी थकले आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडले असते.

म्हणून तुमची ती ओळ मी तब्येतीची खबर म्हणून वाचते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद घेतली. तो आजार नाही, कामावरचा ताण वर्षानुवर्षं निस्तरला गेला नाही की माणसाची होणारी अवस्था आहे, असं तिथं म्हटलं आहे. खुणा तीन दिल्या आहेत. अंगातलं बळ संपतं, कामावरून मन उडतं किंवा कामाबद्दल मनात कडवटपणा साचतो, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटायला लागतं. पहिली आणि तिसरी खूण तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे. दुसरी अजून पुरती आलेली नाही, कारण त्या मुलाचं पाहणं तुम्हाला टोचतंय. ते टोचणं बोथट व्हायच्या आत काही करायला हवं.

आधी दवाखाना. उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या. आपल्या भागातल्या कितीतरी शिक्षिका सकाळी सातला एक कप चहावर निघतात आणि लेकरांची पंगत उठल्यावरच घास खातात. चाळिशीनंतर शरीर याचा हिशोब मागतं, आणि आपल्याला वाटतं मनच कच्चं पडलं. छातीवरच्या धोंड्याचंही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'ॲसिडिटी असेल' म्हणून गिळून टाकू नका. झोप आणि रविवारची धास्ती यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे वेड लागलं असं नाही. मी माझ्या सुनेला लावून दिला होता, बाळंतपणानंतर.

मग रजा. शिक्षक घरच्या लग्नाला रजा टाकतो, सासूच्या ऑपरेशनला टाकतो, स्वतःसाठी टाकताना मात्र चोरी केल्यासारखं तोंड करतो. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस तुमच्या खात्यावर जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात एवढंच. इतक्या वर्षांचे शेकडो दिवस झाले. त्याला हात लावला नसेल तर पूर्ण पगारी शंभरावर दिवस तुमच्या सेवापुस्तकात पडून असतील. त्यातले पंधरा घ्या. संक्रांतीच्या मागे-पुढे घ्या, तेव्हा पट तसाही निम्म्यावर असतो. शाळेचं काय होईल? सर आहेत. खिचडी शिजेल, हजेरी होईल. पंधरा दिवस कोलामी गाणी नसतील. चालेल.

आता बदली. अर्ज भरा.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, कदाचित माझा रागही येईल. 'बाईसुद्धा सोडून द्या म्हणतात' असं वाटेल. मी सोडा म्हणत नाही. अर्ज भरा आणि आजपासून मेपर्यंतचं सगळं काम जाणारी बाई करेल तसं करा. हे का म्हणते ते सांगते.

मेळघाटातून माझी बदली झाली ती सपाटीवरच्या एका मोठ्या शाळेत. त्या सात वर्षांत मी काय काय उभं केलं होतं! कोरकू-मराठी शब्दांच्या वह्या, पुस्तकांची ट्रंक, दर सोमवारी निघणारं भिंतीपत्रक, परसबाग, संध्याकाळचा वर्ग. दीड वर्षानं एका लग्नाला त्या गावी गेले. सवयीनं पाय शाळेकडे वळले. भिंतींवरच्या तक्त्यांवर चुना मारलेला. ट्रंकेला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. परसबागेत बकऱ्या. शब्दांच्या वह्यांचं मी विचारलंच नाही. ओट्यावर बसून राहिले. तेवढ्यात बाजाराची पिशवी डोक्यावर घेऊन दोन म्हाताऱ्या आल्या, मला ओळखलं, हसल्या, आणि सरळ वर्गात जाऊन बसल्या. लेकरं त्यांच्याभोवती गोळा झाली. त्या गोष्ट सांगायला आल्या होत्या.

झालं असं होतं, की माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी कधीतरी त्या पाणी प्यायला शाळेत शिरल्या होत्या. मी म्हटलं, आलाच आहात तर लेकरांना एखादी जुनी गोष्ट सांगा. मग त्या दर बाजाराच्या दिवशी यायला लागल्या. माझ्या एकाही अहवालात हे नव्हतं. उपक्रम म्हणून मी ते कधी मोजलंच नव्हतं. मी गेल्यावरही त्या येत राहिल्या, कारण बंद करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि सुरू ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. नवे सर त्या वेळात कागद भरायचे, त्यांनाही ते सोयीचं होतं.

माझ्या नावावरचं सगळं माझ्यामागोमाग गेलं. त्या म्हाताऱ्यांचं राहिलं. मी त्या ओट्यावर बसून जे शिकले ते मला नोकरीच्या आरंभीच कळलं असतं तर कोरकू मुलीला ती थापड बसली नसती, असं मला खरंच वाटतं. कारण माझा थकवा लेकरांचा नव्हता. सगळं माझ्याच खांद्यावर आहे, मी वाकले की कोसळेल, या धास्तीचा होता. तुमच्या पत्रात 'मीच' हा शब्द किती वेळा आलाय, एकदा मोजून पाहा.

तर जाणारी बाई काय करेल? ती शब्दांची वही घरी नेणार नाही, शाळेच्या दप्तरात नोंदवून ठेवेल. फोनमधली गाणी पोडावरच्या चार जणांच्या फोनमध्ये टाकेल. आणि ती नववीतली मुलगी! तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. नोव्हेंबरात तुम्हाला पहिलीच्या वर्गात दोन हात कमी पडतात, आणि पोडावर अशी एक मुलगी आहे जिला दोन्ही भाषा येतात, वाचता-लिहिता येतं आणि जी तुमच्याकडे शिकली आहे. तिला रविवारी तासभर चावडीवर लेकरं घेऊन बसू द्या. शाळेत नको, चावडीवर. पोडाच्या नाईकांना, म्हणजे प्रमुखांना विचारून. तुम्ही तिथं जाऊ नका. पहिल्या रविवारी तीन लेकरं येतील. येऊ द्या. तिनं चुकीचं शिकवलं तर शिकवू द्या. तिची दहावी जवळ आली की थांबवा, तोवर दुसरी कोणी तयार होईल. नाहीच झाली, तर तेही समजून घ्या.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कागदावरची समिती मला माहीत आहे. सह्या आणायला आपणच घरोघरी फिरतो, ठराव आपणच लिहितो. पण शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत पाऊणपट पालक ठेवले आहेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचं काम कलम २२ नं त्याच समितीला दिलं आहे. पहिलीच्या वर्गात कोलामीतून शिकवणं सुरू ठेवावं, असा ठराव समितीनं केला आणि आराखड्यात घातला, की तो तुमचा छंद राहत नाही. तुमच्या अर्जाखाली एका कर्मचाऱ्याची सही होती, ठरावाखाली पोडावरच्या दहा आयाबापांची असेल, अंगठे का असेनात. मग साहेब येऊन परिपत्रक विचारतील तेव्हा उत्तर अध्यक्षबाईंना देऊ द्या. कोलामीत दिलं तर फारच बरं.

आणि परिपत्रक हवंच असेल तर त्याच कायद्याचं कलम २९ दाखवा. शिकवण्याचं माध्यम 'जिथवर व्यवहार्य असेल तिथवर' मुलाची मातृभाषा असावी, असं त्यात लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली द्राविडी भाषा. पहिलीतल्या कोलाम लेकराला मराठी किती परकी असते हे पुण्यात बसून कळणार नाही, पण पोडावर पाच मिनिटं बसणाऱ्याला कळतं.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शिक्षण मातृभाषेतून व्हावं हा ठराव झाला तो आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत. गांधीजी अध्यक्ष होते, पुढे आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन. तो ठराव कायद्यात उतरायला २००९ उजाडलं. बहात्तर वर्षं. आणि तेही 'जिथवर व्यवहार्य' या शेपटीसकट. तुमचे पाच अर्ज तीन वर्षांत का हलले नाहीत याचं उत्तर तुमच्या नालायकीत शोधू नका. हे ओझं मुळातच एका पिढीचं नाही, आणि तुम्ही ते एका पोडावरून, स्कूटीच्या डिक्कीत घालून, एकटीनं वाहत आहात. केंद्रभर हे व्हावं ही तुमची इच्छा रास्त आहे. पण या वर्षी सहावा अर्ज लिहू नका. परिषदेत विषय काढू नका. कोणी विचारलं तर वही दाखवा, चहा पाजा. माझा अनुभव असा, की शेजारच्या शाळेतली एखादी शिक्षिका तुमची गाणी फोनवर मागते तेव्हा जे होतं ते पाच परिषदांत होत नाही.

साहेबांबद्दल. माझी शेवटची सहा वर्षं केंद्रप्रमुख म्हणून गेली, बारा शाळा होत्या. दुपारी चारपर्यंत माहिती पाठवा असा निरोप सकाळी अकराला यायचा, आणि मी भेटीला गेलेल्या शाळेत भिंतीकडे न पाहता आकडे मागायची. मीसुद्धा. एका शाळेत पोरांनी बांबूच्या कांड्यांचं दशक-एकक केलं होतं, ते मला सहा महिन्यांनी दिसलं. ते आठवलं की आजही लाज वाटते. म्हणून तुमच्या साहेबांनी तुमचा अपमान करायलाच ते विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना ते दिसलंच नाही. अपुऱ्या माहितीचा शेरा दिसण्यासारखा होता, तो दिसला. यात तुमच्या कामाचं मोजमाप झालेलं नाही, पण तुम्ही ते मोजमाप मानून घेतलंत आणि तिथून झोप उडाली.

आता सर. इथं मी तुमच्या बाजूनं नाही. दोनशिक्षकी शाळेत खिचडी एक दिवस बंद पडत नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तांदूळ वेळेवर उतरवून घेणं, इंधन-भाजीची बिलं महिनोन्महिने अडकलेली असताना दुकानदाराला थांबवून धरणं, स्वयंपाकीणबाईचं मानधन रखडलं की तिची समजूत घालणं, हे करून पाहा. पऱ्हाटीच्या दिवसांत जी निम्मी लेकरं शाळेत टिकतात त्यातली काही त्या खिचडीवर टिकतात. सर तुमच्यासारखे नाहीत. तुमच्यासारखे व्हावेत हा हट्ट सोडा आणि त्यांना जे येतं त्यातलं काम त्यांच्याकडे द्या. किती वर्षं आहेत ते त्या शाळेत? त्यांना पोडावरचं प्रत्येक घर माहीत असणार, कोण कोणाच्या वावरात वेचणीला जातं, कोणत्या कुटुंबानं मुकादमाकडून उचल घेतली. घरभेटींची यादी त्यांना करू द्या. तुम्ही त्यांना कधी मागितलीच नसेल, कारण त्या वाक्यानं तुमचं मन दुखावलं होतं. 'जिवाले लावून घेता' हे म्हणणाऱ्या माणसाला तुमचा जीव दिसतोय, ताई. मला तरी तसंच ऐकू येतं.

त्या यादीतून दोन गट वेगळे निघतील. जी कुटुंबं चार-सहा महिने गाव सोडून मिरची तोडायला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांच्या लेकरांसाठी शिक्षण हमी कार्ड भरून हाती द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. आणि जी गावातच वेचणीला जातात, त्यांच्यासाठी काय करायचं ते समितीला विचारा. खरंच विचारा, उत्तर मनात ठरवून विचारू नका. किलोवर मजुरी मिळते तेव्हा आईला लेकराचे दोन हात वेचायला हवे असतात, किंवा धाकट्याला धुऱ्यावर सांभाळायला. बायका बसून काही तोडगा काढतील. एखादी म्हातारी चार धाकटे सांभाळेल, किंवा आठवड्यातले चार दिवस लेकरं शाळेत आणि दोन वावरात असं त्या म्हणतील. सहापैकी चार दिवस तुम्हाला कमी वाटतील. मला आज शून्यापेक्षा चार बरे वाटतात, जरी कायद्यात सगळे दिवस लिहिलेले असले तरी.

बीएलओ आणि पोर्टलांबद्दल फार लिहीत नाही. कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीची कामं सोडून बाकी अशैक्षणिक कामाला मनाई केली आहे. मतदारयाद्यांची कामं सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं. कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं नाही याची यादी राज्य शासनानंच २०२४ मध्ये काढली. हे सगळं संघटनेच्या हाती द्या. लढाई खरी आहे, पण तुम्ही या वर्षी त्यात उतरू नका. पोर्टल भरायला आठवड्यातले दोन दिवस ठरवा, शाळा सुटल्यावर एक तास, आणि सरांना शेजारी बसवून शिकवा. त्यांना जमत नाही असं नाही, कोणी धीरानं शिकवलेलं नाही.

टीईटीची धास्ती मी समजू शकते. पंधरा वर्षं शिकवल्यावर पात्रता सिद्ध करायला सांगणं मनाला लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं पाचपेक्षा जास्त वर्षं सेवा उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली आहे. उन्हाळ्याची सुट्टी तुमच्यापुढे आहे, आपल्याकडे तर ती जूनच्या उतरणीपर्यंत असते. तेव्हा पुस्तक उघडा. तोवर ते उशाशी ठेवून झोपू नका.

खिशातला खर्च आजपासून बंद. एक रुपयाही नाही. शाळेला अनुदान येतं ते कमी आहे, उशिरा येतं, सगळं खरं. पण तुम्ही रंग आणलेत की रंग नाहीत हे कोणालाच दिसत नाही, ना समितीला, ना वर. काही महिने भिंत कोरी राहू द्या. तुमच्या घरात या खर्चावरून बोलणं होत असेल असं मला उगाच वाटत नाही. पत्रात पतींबद्दल एकच ओळ आहे.

मे महिन्यात काय ठरवायचं ते मी आज सांगणार नाही, तुम्हीही आज ठरवू नका. अर्ज भरलेला असला की बदलीचं दार उघडं राहतं, आणि उघड्या दाराच्या खोलीत माणसाला श्वास नीट घेता येतो. यादी लागेपर्यंत तुमची झोप परतली आहे का, रविवारी चावडीवर तुमच्याविना लेकरं बसतात का, सर पोर्टल उघडतात का, हे तुम्हाला दिसलेलं असेल. गेलात तर कोणाचा विश्वासघात होत नाही. नव्या गावातही पहिलीत कोणाच्या तरी घरची भाषा वेगळी असेल, बंजाऱ्यांची गोरमाटी असेल, गोंडी असेल, नाहीतर आपली वऱ्हाडीच असेल, जिला पुस्तक अशुद्ध म्हणतं. बदली झाली नाही किंवा मनानंच राहावंसं वाटलं, तर राहा, पण या वर्षी जे खाली ठेवलंत ते पुन्हा उचलू नका.

एक विचारायचं राहिलं. त्या मुलाशी तुम्ही बोललात का? पत्रात ते आलं नाही. बोलला नसाल तर दवाखाना, रजा, अर्ज या सगळ्याच्या आधी ते करा. वर्गासमोर नको, खिचडीच्या वेळी त्याच्या शेजारी बसून. 'माझं चुकलं' याला कोलामीत काय म्हणतात ते तुमच्या वहीत नसेल, आपण लेकरांकडून असले शब्द घेत नाही. त्या नववीतल्या मुलीला विचारून घ्या.

तुमची,
बाई